‘मँगो’चा अलर्ट लावला आणि इनबॉक्समध्ये कपडे आले

नमस्कार ताई,
आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. काही वर्षांपासून सगळा माल वाशीला दलालाकडे न टाकता थोडा थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पेटीने देतो. मिस्टर बाग बघतात आणि फोन, ऑर्डरी, पैसे, पार्सल हे सगळं माझ्याकडे. गेल्या सीझनला एका गिऱ्हाइकाने सांगितलं की तुमचा नंबर मला रेडिटवर मिळाला. मला रेडिट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. भाच्याने दाखवलं, तर तिथे लोक विचारतायत पुण्यात खरा देवगड कुठे मिळेल आणि उत्तरं देणारे भलतेच कोणीतरी! मग त्याने मला गूगलचे अलर्ट लावून दिले (शब्द नेटवर कुठे आला की मेल येतो म्हणे), ‘मँगो’ आणि ‘अल्फान्सो’ या इंग्रजी शब्दांवर. आता रोज इतके मेल येतात की मी उघडायचेच सोडलेत, कामाचा एक नाही. त्यात एक जण मागे लागलाय, महिन्याला ४००० द्या, आम्ही ‘सोशल लिसनिंग’ करून देतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये कोणी आंबा विचारला तरी तुम्हाला कळेल म्हणतो. मिस्टर म्हणतात ही सगळी थेरं आहेत, त्यापेक्षा अढीकडे बघ. खरंच काही उपयोग आहे का याचा? असला तर मला जमेल असं सांगा, कॉम्प्युटर नाही, सगळं मोबाईलवरच.
– बागवाली, देवगड

बागवाली ताई,

भाच्याला ओरडू नका हं. पोराने जागा बरोबर शोधली, शब्द तेवढे चुकले. ‘मँगो’ नावाचा स्पेनचा कपड्यांचा ब्रँड आहे, जगभर दुकानं आहेत त्यांची, त्यांचा सेल लागला, नवीन दुकान उघडलं, कुठल्या नटीने त्यांचा ड्रेस घातला की ते सगळं तुमच्याकडे. ‘अल्फान्सो’ तर त्याहून भारी, अल्फान्सो डेव्हिस म्हणून कॅनडाचा फुटबॉलवाला आहे, जर्मनीत बायर्न म्युनिककडून खेळतो, त्याचा नुसता गुडघा दुखला तरी पन्नास ठिकाणी छापून येतं आणि देवगडात बसून तुम्ही ते वाचायचं. आणि हिंदीवाली गिऱ्हाइकंही धरू म्हणून उद्या ‘आम’ टाकाल तर सांगून ठेवते, आम आदमी पार्टी घरात शिरेल.

उपयोग आहे का, तर आहे. पण तुम्ही आत्ता मालाच्या नावावर अलर्ट लावलाय आणि मालाचं नाव तर सगळेच घेतात, बातमीवाले, रेसिपीवाले, फुटबॉलवाले. तुम्हाला हवाय तो माणूस प्रश्न विचारतोय, म्हणून त्याच्या प्रश्नातले शब्द धरायचे. बाकी सगळी सेटिंगं वगैरे नंतर, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

तर आधी अलर्ट बाजूला ठेवा आणि एखाद्या दुपारी मोबाईलवर रेडिट उघडून पुण्याच्या आणि मुंबईच्या ग्रुपमध्ये (त्याला ते सबरेडिट म्हणतात) हापूस, अल्फान्सो, देवगड असं शोधून गेल्या एप्रिल-मेच्या पोस्टी वाचा. वही घेऊन बसा. लोक नक्की कुठल्या शब्दांत विचारतात ते जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. तुमच्या लक्षात येईल की ‘अस्सल देवगड हापूस विक्री’ असं कोणीच लिहीत नाही, ते आपण बोर्डावर लिहितो. ते लिहितात ‘जेन्युइन हापूस कुठे मिळेल’, ‘डायरेक्ट फार्मरकडून घ्यायचाय’, ‘कार्बाइड फ्री कोण देतं’, ‘नॅचरली राइपन्ड’, ‘पेटीचा रेट काय चाललाय’, ‘गेल्या वर्षी फसलो, यावेळी खात्रीचा माणूस सांगा’. यातला एकेक शब्द तुमच्या कामाचा आहे. ‘जेन्युइन’ आणि ‘कार्बाइड’ हे तर माझ्या मते ‘हापूस’पेक्षा जास्त कामाचे, कारण ते लिहिणारा घ्यायला निघालेलाच असतो.

कार्बाइडवरून एक सांगते. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतच तसं आहे, आणि इथिलीन गॅसने ठरावीक प्रमाणात पिकवलेलं चालतं. त्यामुळे उन्हाळा आला की एफडीएच्या धाडी आणि मग त्याच्या बातम्या, सगळीकडे. नुसता ‘कार्बाइड’ शब्द टाकलात तर त्या बातम्यांखाली गाडल्या जाल. म्हणून एकटा शब्द कधीच टाकायचा नाही, जोडी लावायची. कार्बाइड अधिक पुणे अधिक हापूस (अधिकचं चिन्ह टाकायचं नाही हं, शब्दांमध्ये नुसती जागा सोडायची). जेन्युइन अधिक हापूस. शहराचं नाव जोडलं की कचरा खूपच कमी होतो, आणि तसंही तुम्ही जिथे पार्सल पाठवत नाही तिथल्या माणसाचा प्रश्न कळून तुम्हाला करायचंय काय!

‘देवगड’ एकटा शब्द पण असाच नडतो बरं का. तुमच्या तालुक्याचं राजकारण, रस्ते, वीज, एसटी हे तर येतंच, पण अहिल्यानगर जिल्ह्यात नेवाशाकडे दत्ताचं देवगड आहे, तिथली दत्तजयंती, तिथली गर्दी, सगळं हजर. म्हणून देवगडसोबत हापूस किंवा आंबा यातला एक तरी शब्द हवाच.

आता स्पेलिंग. इथे बहुतेकांचे अलर्ट मरतात. रेडिटवर आपली मराठी माणसंसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि हापूसचं स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. कोणी एच-ए-पी-यू-एस, कोणी यूच्या जागी डबल ओ, कोणी सुरुवातीलाच डबल ए. अल्फान्सोमध्ये कोणी पी-एच, कोणी सरळ एफ. देवगडच्या शेवटी कोणी एच लावतो कोणी नाही, आणि जुन्या इंग्रजी कागदांत तर डी-ई-ओ-जी-ए-डी असायचं, तसं लिहिणारे अजून सापडतात. हे सगळे वेगवेगळे कीवर्ड (म्हणजे अलर्टला द्यायचे शब्द) म्हणून टाकायचे, मशीनला काही कळत नाही की हा एकच आंबा आहे म्हणून.

देवनागरीत तर अजूनच मजा. ‘हापूस’ दीर्घ, ‘हापुस’ ऱ्हस्व, दोन्ही टाका. आणि आपल्या भाषेत शब्द एका जागी उभा राहत नाही, आंबा, आंबे, आंब्याची, आंब्यांना, आंब्यावर, एका शब्दाची दहा रूपं, आणि काही ठिकाणी अख्खा शब्द जसाच्या तसा जुळला तरच अलर्ट वाजतो. ‘आंबा’वर अलर्ट लावला आणि कोणी लिहिलं ‘आंब्यांची पेटी हवी आहे’ तर तो निसटला. त्यात नुसत्या ‘आंबा’ला आंबा घाटातले अपघात येतात ते वेगळंच. हापूस त्या मानाने शहाणा शब्द आहे, हापूसचा, हापूसला, मूळ बदलत नाही (काही जण ‘हापुसाची’ लिहितात, ते लिहू देत), त्यामुळे मराठीत मुख्य शब्द हापूसच धरा आणि ‘हापूसची’, ‘हापूसचा’, ‘हापूसचे’ ही रूपं वेगळी टाका. ‘पेटी’ जोडीला ठेवा, आंब्याच्या जवळ पेटी शब्द आला म्हणजे माणूस भावाचं किंवा खरेदीचंच बोलत असतो. आणि ‘विकणाऱ्या’, ‘शेतकऱ्याकडून’ असले शब्द शक्यतो टाळा, तो ऱ्य दोन तऱ्हेने टाइप होतो, डोळ्यांना एकच दिसतो पण मशीनला दोन वेगळे शब्द वाटतात, मग तुम्ही बसाल वाट बघत.

आता कुठे आणि कसं लावायचं.

पहिलं, एक वेगळा जीमेल उघडा फक्त या कामासाठी. जीमेलच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट लावून वगैरे करावं लागतं, तो ताप तुम्हाला नको. वेगळा पत्ता घेतला की बँकेचे, पार्सलचे मेल त्यात हरवणार नाहीत आणि सीझन संपला की त्याची नोटिफिकेशन बंद करून टाकायची, विषय संपला.

मग गूगल अलर्ट्स. जुनी गोष्ट आहे, २००३ पासूनची, फुकट आहे, अ‍ॅप नाही पण मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालते. भाच्याने बहुतेक नुसता शब्द टाकून बटण दाबलं असणार, सगळेच तसं करतात. शब्दाखाली ‘शो ऑप्शन्स’ असतं ते उघडायचं. तिथे भाषा ‘एनी लँग्वेज’ करा, नाहीतर तुमचं खातं इंग्रजीत असेल तर ते इंग्रजीच धरून बसतं आणि देवनागरी पानं सुटतात. ‘हाउ मेनी’मध्ये ‘ओन्ली द बेस्ट’ असतं ते बदलून ‘ऑल रिझल्ट्स’ करा, कारण गूगलच्या दृष्टीने बेस्ट म्हणजे मोठे पेपर, कुणीतरी पुण्याहून विचारलेला दोन ओळींचा प्रश्न त्याला बेस्ट वाटत नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवाय. मेल किती वेळा तर दिवसातून एकदा. दर वेळेला लगेच पाठव असा पण पर्याय आहे पण गूगल मुळात फोरमवरची पोस्ट उचलायलाच वेळ लावतं, कधी तासांनी, कधी दोन दिवसांनी, कधी उचलतच नाही, मग लगेच-बिगेचला काय अर्थ. वरच्या गिअरमध्ये जाऊन सगळे अलर्ट एकाच मेलमध्ये आणि ठरलेल्या वेळेला असं करता येतं, तुम्ही सकाळी पेट्या भरून मोकळ्या होता ती वेळ द्या.

लिहिताना तीन-चार खुणा लक्षात ठेवायच्या. दोन शब्द अगदी शेजारी-शेजारी, त्याच क्रमाने हवे असतील तर दोन्ही मिळून एकाच अवतरणचिन्हात. हा नाहीतर तो असं हवं असेल तर मध्ये इंग्रजीत ओ-आर, कॅपिटलमध्येच, छोट्या अक्षरांत चालत नाही. एखादा शब्द नको असेल तर त्याच्या आधी वजाचं चिन्ह, चिकटून, मध्ये जागा न सोडता. वजा फुटबॉल, वजा डेव्हिस, वजा रेसिपी, वजा मिल्कशेक. आणि एकाच साइटवर शोधायचं असेल तर इंग्रजीत साइट, मग कोलन, मग त्या साइटचा पत्ता, हेही सगळं चिकटून. मायबोली (१९९६ पासून आहे, तिथे अमेरिकेपासून पुण्यापर्यंत सगळे असतात) आणि मिसळपाव यांच्यासाठी असा एकेक वेगळा अलर्ट करा, तिथे लोक देवनागरीत लिहितात म्हणून हापूस, हापुस हे शब्द तिथे वापरा, इंग्रजी स्पेलिंगचा तिथे फारसा उपयोग नाही. टाइप करता करता खालीच प्रिव्ह्यू दिसतो की आत्ता हा अलर्ट असता तर काय आलं असतं. तो बघितल्याशिवाय बटण दाबू नका! तिथेच फुटबॉल दिसला की समजायचं अजून वजा करायचंय.

वजा करण्यावरून आठवलं, परदेशातल्यांचे प्रश्न खूप असतात, न्यू जर्सीत हापूस कुठे मिळेल, दुबईत कोणी पाठवेल का. ते वाचायला बरं वाटतं पण त्यात पडू नका. अमेरिकेने भारतीय आंबा २००७ मध्ये घ्यायला सुरुवात केली ती फळावर मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण करायच्या अटीवर, वाशीला त्यासाठी सोय आहे, आणि ते सगळं निर्यातदारांचं काम आहे, तुम्ही देवगडहून पेटी कुरिअरला टाकून ती पोचत नाही. यूएसए, दुबई, लंडन सरळ वजा.

रेडिटसाठी मात्र गूगलवर अवलंबून राहू नका. तिथे प्रश्न पडला की पहिल्या काही तासांत उत्तरं येतात आणि मग पोस्ट खाली जाते, दोन दिवसांनी मेल येऊन तुम्ही उत्तर देणार तोपर्यंत त्याचे आंबे खाऊन झालेले असतात. त्यासाठी एफ-फाइव्ह-बॉट म्हणून एक साधी साइट आहे, मेल आयडी द्यायचा, शब्द टाकायचे, रेडिटवर पोस्टमध्ये किंवा कमेंटमध्ये कुठेही तो शब्द आला की थोड्या वेळात मेल. बेसिक वापर फुकट. ती अजून दोन ठिकाणं बघते पण ती सॉफ्टवेअरवाल्यांची आहेत, तिथे हापूस विचारणारा क्वचितच. इथे ‘मँगो’सारखा शब्द टाकायचाच नाही, फार कॉमन शब्द असेल तर तीच बंद करून टाकते, आणि नाही केला तर तुम्ही कराल. इथे टाका हापूसची ती तीन-चार इंग्रजी स्पेलिंगं, देवगडची दोन-तीन, आणि देवनागरी हापूस. रेडिटवर हे शब्द दुसऱ्या कुणाच्या फारसे कामाचे नाहीत, त्यामुळे एकटे टाकले तरी चालतात, फक्त एच-ए-पी-यू-एस हा इंडोनेशियाच्या भाषेत ‘पुसून टाकणे’ असा शब्द आहे, तिकडचे मेल आले तर ते स्पेलिंग काढून टाका.

भाचा हौशी असेल तर त्याला अजून एक काम सांगा. रेडिटवर ब्राउझरमधून एखाद्या ग्रुपमध्ये काही शोधलं की वरच्या पत्त्यात ‘सर्च’ असा शब्द दिसतो, त्याला चिकटून डॉट आरएसएस लावलं की त्या शोधाची फीड (नवीन पोस्टींची आपोआप भरत जाणारी यादी) तयार होते. ती फीडली नाहीतर इनोरीडर असल्या अ‍ॅपमध्ये टाकली की नवीन पोस्ट तिथे येऊन पडतात, मेलची भानगडच नाही. शोध लावताना ‘न्यू’प्रमाणे लावायला सांगा त्याला, नाहीतर जुन्या गाजलेल्या पोस्टी वर येतील. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर एफ-फाइव्ह-बॉटवर भागतं तुमचं.

फेसबुकचं वेगळं आहे. बंद ग्रुपमधलं गूगलला दिसत नाही, कुठल्याच बाहेरच्या अलर्टला दिसत नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मात्र कीवर्ड अलर्टची सोय असते, त्याच्या ग्रुपमध्ये तो शब्द आला की त्याला कळतं. म्हणजे तुमची एखादी गिऱ्हाईक कोथरूड किंवा ठाण्याच्या अशा ग्रुपची अ‍ॅडमिन असेल तर तिला एक पेटी भेट द्या आणि सांगा हापूस शब्दाचा अलर्ट लाव म्हणून (मी गंमत करत नाहीये). बाकी ग्रुपमध्ये तुम्ही मेंबर असाल तर फक्त सीझनपुरतं दोन-तीन ग्रुपचं नोटिफिकेशन ‘ऑल पोस्ट्स’ करा आणि जूनमध्ये आठवणीने काढा, नाहीतर हरवलेल्या मांजरी आणि पाण्याच्या टँकरच्या नोटिफिकेशन वर्षभर.

अजून एक अलर्ट लावा ज्याचा माल खपवण्याशी संबंध नाही. तुमच्या बागेचं नाव अवतरणात, आणि तुमचा ऑर्डरचा मोबाईल नंबर अवतरणात, एकदा सलग आणि एकदा पाच-पाच आकड्यांच्या मध्ये जागा सोडून. ज्या गिऱ्हाइकाला तुमचा नंबर रेडिटवर मिळाला, तो तिथे कोणी दिला, काय म्हणून दिला, चांगलं लिहिलं की वाईट, हे तुम्हाला अजून माहीतच नाहीये ना? आणि हापूसच्या दिवसांत दुसऱ्याच्या बागेचे फोटो लावून आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे असतातच, तुमचं नाव कोणी तसं वापरलं तर निदान लवकर कळेल. बागेचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय ते इथे देत नाही, पण ते देवाचं नाव असल्यामुळे एकटं टाकलंत तर आरत्या आणि पालख्या येतील, त्याच्या शेजारी आंबा किंवा हापूस लावा.

आणि साका! हा कीवर्ड मला स्वतःला सगळ्यात आवडतो. दर सीझनला कोणीतरी कापलेल्या आंब्याचा फोटो टाकतो, बाहेरून सोनं आणि आतून पांढरा, आंबट, आणि विचारतो की मला नकली हापूस दिला का. खाली वीस जण सांगतात हो फसवलं, कर्नाटकचा असणार, केमिकलचा असणार. तुम्हाला तर फोटो बघूनच कळेल की साका आहे, हापूसचीच खोड आहे ती, बाहेरून ओळखता येत नाही, झाडावर जास्त तयार झालेल्या आणि उष्णता लागलेल्या फळात जास्त निघतो. पण शहरातल्या माणसाला साका शब्दच माहीत नाही, तो लिहिणार ‘स्पाँजी’ किंवा ‘व्हाइट इनसाइड’. तर स्पाँजी अधिक मँगो अधिक अल्फान्सो असा एक गूगल अलर्ट लावा आणि अशा पोस्टवर शांतपणे चार ओळी लिहा, नंबर न देता. बागेतल्या माणसाने खरं सांगितलेलं लोक लक्षात ठेवतात, पुढच्या वेळेला तेच तुम्हाला विचारत येतील, आणि ज्याने त्या माणसाला आंबा विकला तो दुकानदारही सुटेल बिचारा.

उत्तर देण्याचं मात्र सांभाळून. रेडिटच्या बऱ्याच ग्रुपांत स्वतःच्या धंद्याची जाहिरात चालत नाही, पोस्ट उडवतात, जास्त केलं तर खातं बंद. बाजूला नियम लिहिलेले असतात ते आधी वाचा. काही ग्रुपांत सीझनला विक्रेत्यांसाठी वेगळा धागा असतो, तिथे खुशाल लिहा. बाकी ठिकाणी सरळ ‘मी देवगडची बागायतदार आहे, माझा स्वतःचा आंबा आहे’ असं पहिल्याच ओळीत सांगून मग जे विचारलंय त्याचं उत्तर. हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांना, त्यात तुमची नोंदणी झाली असेल तर तेही लिहा, लोक हल्ली विचारतात. फक्त भाच्याच्या खात्यावरून ‘मी यांच्याकडून घेतले, एकदम मस्त’ असलं काही करायला जाऊ नका, नाव दाबलं की आधीच्या पोस्टी दिसतात, लोक तेवढे चाणाक्ष आहेत आणि मग जी धुलाई होते ती कायम तिथे राहते. आणि खातं आत्ताच उघडून ठेवा. अगदी कोरं खातं असेल तर काही ग्रुप त्याची पोस्ट आपोआप अडवतात. पावसाळ्यात रिकामा वेळ मिळाला की कोणी कलमं, खत, कुंडीतला आंबा विचारत असेल त्याला उत्तरं देत बसा, एप्रिलपर्यंत खातं जुनं झालेलं असेल.

सगळे अलर्ट वर्षभर चालू ठेवायची गरज नाही. फेब्रुवारीत लोक भाव विचारायला लागतात तेव्हा लावा, जूनच्या पहिल्या आठवड्यात काढा, फक्त काढायच्या आधी सगळ्या ओळी वहीत उतरवून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा डोकं नको. साका आणि नाव-नंबरवाला तेवढा राहू दे.

मिस्टरांचं पण अगदीच चूक नाही हं. रोज पाच ऑर्डरी मिळतील अशी आशा धरून बसलात तर आठ दिवसांत कंटाळाल. दिवसाला एखादी कामाची पोस्ट आली तरी चांगलं म्हणायचं आणि काही दिवस काहीच येणार नाही. तुमचा माल जास्त खपणार तो जुन्या गिऱ्हाइकाने सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमच्याकडे यांच्याकडून येतो’ असं लिहिल्यावरच, आणि ते त्याने लिहावं म्हणून अढी नीट बघायलाच लागते. मला विचाराल तर या सगळ्याला सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी रेडिटच्या मेलवर एक नजर, याच्या वर वेळ देऊ नका.

राहिला तो ४००० वाला. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज बाहेरच्याला वाचताच येत नाहीत, त्यांची रचनाच तशी आहे, आणि ग्रुपमधल्या शब्दांवर अलर्ट देणारी सोय व्हॉट्सअ‍ॅपने दिलेली नाही. मग तो ‘कळेल’ म्हणतो ते कसं? एक तर थाप, नाहीतर लोकांच्या ग्रुपमध्ये माणसं घुसवून ठेवतो, नाहीतर तुमच्याच फोनमध्ये एखादं अ‍ॅप टाकायला लावणार जे सगळी नोटिफिकेशन वाचतं. नोटिफिकेशन वाचणारं अ‍ॅप ओटीपीसुद्धा वाचतं, आणि तुमच्या त्याच फोनवर अख्ख्या सीझनचे यूपीआयचे पैसे येतात. व्हॉट्सअ‍ॅपची ती बाहेरून टाकायची नकली अ‍ॅपंही नकोत, त्यापायी नंबरच बॅन होतो आणि एप्रिलमध्ये ऑर्डरीचा नंबर बॅन झाला तर काय होईल ते तुम्हीच बघा. व्हॉट्सअ‍ॅप सोडून बाकी जे तो करून देणार ते वर सगळं लिहिलंय, फुकटात होतं. शिवाय तो बारा महिन्यांचे पैसे मागणार, म्हणजे ४८,००० आणि आंबा तीन महिने. तरी भीड पडत असेल तर त्याला एवढंच म्हणा की गेल्या एप्रिलमध्ये पुण्यात हापूस विचारणाऱ्या दहा पोस्टच्या लिंका पाठव, मग बोलू. पाठवल्या तर मला पुन्हा लिहा, बघू त्यातल्या किती तुमच्या वहीत आधीच आहेत.